बोट उगारलेली यक्षीण

उपोसथाच्या दिवशी सायुत खोटं बोलत नसे.

एरवी बाजारात ताडगूळ विकताना ‘आजच उतरवलाय’ म्हणावं आणि त्यातला ‘आज’ थोडा कालपर्यंत ताणावा, एवढं ती स्वतःला चालवून घ्यायची. पण उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, पहाटे तानदिओ विहारात जाऊन, पांढरं नेसून अष्टशील घेतलं की दुसऱ्या पहाटेपर्यंत ते ती काठोकाठ भरलेल्या वाटीसारखं जपायची. दुपारनंतर अन्न नाही, फूल-अत्तर नाही, नाचगाणं-तमाशा बघणं नाही, आणि असत्य तर नाहीच नाही.

आणि नेमकी उपोसथालाच अंगुनला मागणी घालायला बँकॉकहून मुलाकडची माणसं येणार होती. दिवस त्यांच्याच भिक्खूंनी काढून दिला होता. सायुतला बरंच वाटलं. लेकीचं लग्न ठरायचं तर शीलाच्या दिवशी ठरावं, याहून चांगलं काय?

फेचबुरीच्या नदीकाठच्या त्या चिंचोळ्या गल्लीत मोटार शिरली, थांबली. आधी थीरा उतरला, उंच, लाजरा. मग बँकॉकला नोकरी करणारी, त्यांच्याबरोबरच आलेली अंगुन. मग एक छत्री बाहेर आली, मग एक चप्पल, आणि मग वारुळासारखे उंच बांधलेले केस, त्यांवर सरकवलेला काळा चष्मा.

नमस्काराला जोडलेले सायुतचे हात छातीपाशीच थिजले. थीराची आई तिनं कधी पाहिली नव्हती. अंगुननं फोनवर मुलाचा फोटो दाखवला होता, आईचा नाही. तरी हे तोंड सायुत वर्षभर रोज बघत होती. आज पहाटेसुद्धा कमळाची कळी घेऊन ती त्याच्याच समोरून गेली होती.

“मी रच्चनी,” पाहुणी म्हणाली. “तुम्ही मोठ्या दिसता, तेव्हा मी मोठ्या बहिणीला म्हणतात तसं फीच म्हणणार. फी सायुत. चालेल ना?”

“चालेल, खुन रच्चनी,” सायुत मानाचं ‘खुन’ लावून म्हणाली, आणि पाहुण्यांना बैठकीवर बसवून सरळ स्वयंपाकघरात गेली.

तिथे तिचा नवरा फुआंग इस्त्रीचा सदरा घालून, पोटावर शिंतोडे उडू नयेत म्हणून अंतरावरून आमटी ढवळत होता. अंगुन झाल्यापासून तो बायकोला मॅ, म्हणजे आई म्हणे, आणि ती त्याला फो, म्हणजे बाबा.

“फो, ती आहे.”

“कोण ती?”

“यक्षीण.”

फुआंगनं दाराच्या फटीतून पाहिलं. हातातला डाव आमटीत बुडाला तो बुडालाच.

फुआंग चुन्याचं काम करणारा कारागीर. चुना, बारीक वाळू, कागदाचा लगदा, कातड्याची खळ आणि बायकोचाच ताडगूळ असं सगळं उखळात कुटायचं. तो लगदा ओला असेतो लोण्यासारखा बोटांत खेळतो. एकदा वाळला की दगड. साचा नाही, पुसणं नाही. जे मनात असेल ते ओल्यापणी बोटांतून भिंतीवर उतरतं, आणि मनात राग असेल तर रागही. फेचबुरीचे कारागीर म्हणून भांडत बसत नाहीत. विहाराच्या जोत्याला स्तूप खांद्यावर पेलणारे यक्ष करायचे असतात ना? ज्याचा राग आला, त्याचं तोंड यक्षाला. तानदिओ विहारात नव्या स्तूपाखाली अशी सारी बाजारपेठ वाकून उभी होती: काट्यात मारणारा मासेवाला, रस्त्याचं वचन देऊन विसरलेला पुढारी, डुलक्या घेणारा पोस्टमन. ज्याचं तोंड लागे तो चार दिवस रुसे, आणि पाचव्या दिवशी पाहुण्यांना हाताला धरून दाखवायला आणी.

मागच्या उन्हाळ्यात भिक्खूंना चीवरं, म्हणजे वस्त्रं, दान करायला बँकॉकहून एक जथा आला होता. त्यातली एक बाई मचाणाखाली उभी राहून म्हणाली होती, “लुंग, हे एवढं हातानं कशाला घडवत बसता? आमच्याकडे साच्यातलं तयार मिळतं. सांगितलं की परवा दारात. आणायचं आणि चिकटवायचं! आणि ते वरच्या नक्षीतलं पान बघा, वाकडं झालंय.” हे सगळं बोट उगारून. ‘लुंग’, म्हणजे ‘काका’, अशी हाक मारल्यावर फुआंगही “हो, हो” म्हणाला. बाई निघून गेली. आणि उन्हं कलायच्या आत ती स्तूपाखाली येऊन उभी राहिली: केसांचं वारूळ, वर चष्मा, तोंड उघडं, एक हात स्तूपाला लावलेला, दुसऱ्या हाताचं बोट उगारलेलं. साऱ्या गावाची ती लाडकी यक्षीण झाली. बाजारात कुणी जास्त शहाणपणा केला की बायका म्हणत, “आली बाई यक्षीण!”

“मला ओळखेल ती?” फुआंगनं विचारलं.

“तेव्हा तुझ्या तोंडाला चुना होता आणि डोक्याला फडकं. आज आंघोळ केलीयस. तुला कोण ओळखतंय?” सायुत हळूच म्हणाली. “पण तिला सगळे ओळखतील.”

“माझं काम बघायला निघेल ती. सांग तिला, विहार बंद आहे.”

“आज उपोसथ आहे.”

“मग मी सांगतो!”

“सांग. पण मला विचारलं तर मी खरं बोलेन.”

“मॅ, तुझं शील माझ्या पोरीच्या लग्नाच्या मुळावर येणार!”

“आणि माझी कोण आहे ती? शेजाऱ्याची?”

फुआंग कोपऱ्यातली हातोडी उचलून मागच्या दाराकडे निघाला. “नाक उडवतो फक्त. नाक गेलं की ओळख गेली.”

“फो!” सायुतचा आवाज चढला नाही, पण तो थांबला. “विहाराला दिलेलं आहे ते. चपलेला लागलेली वाळूसुद्धा आपण दर सोंगक्रानला, नव्या वर्षाला, परत नेऊन टाकतो, आणि तू अख्खं नाक काढून आणणार?”

हातोडी खाली आली.

“झाकता तर येईल?” फुआंग म्हणाला.

सायुतनं विचार केला. “झाकणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे,” ती म्हणाली खरी, पण तिचं तिलाच नीटसं पटलं नाही. फुआंगनं पेटीतून हाताला लागलं ते फडकं ओढलं. होडीच्या नाकाला बांधायचं, गुलाबी-पिवळं-हिरवं, तीनरंगी. तो मागच्या दारानं पळाला.

इकडे सायुतनं पानं मांडली. उन्हाळा, म्हणून फुलांच्या वासाच्या गार पाण्यातला भात, बरोबर कोळंबीच्या तळलेल्या गोळ्या, आणि ताडाच्या कोवळ्या फळांची आमटी. मध्यान्हीच्या आत तिलाही जेवून घ्यायचं होतं. अंगुन वाढत होती आणि दर घासाला सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती.

“भात सुरेख,” रच्चनी म्हणाली. “पाणी जरा कमी गार आहे. पण सुरेख. आणि फी सायुत, तुमच्या गावची माणसं किती माणुसकीची हो! गाडीतून उतरल्यापासून जो तो माझ्याकडे बघून हसतोय. त्या कोपऱ्यावरच्या बाईनं तर आपल्या सुनेला हाक मारून बाहेर बोलावलं, मला दाखवायला.”

“हो,” सायुत म्हणाली. “तुम्हाला बघून सगळ्यांना फार आनंद झालाय.”

“आणि थीराचे सासरे कुठे गेले?”

‘थीराचे सासरे’ ऐकून अंगुनचा चेहरा फुलला.

“विहारात गेलेत.”

“माझ्यासाठी काही तयारी?”

“तुमच्यासाठीच.”

रच्चनी खूश झाली. दुसऱ्यांदा भात घेतला. मग पाणी पिता पिता सहज म्हणाली, “मी तशी साधी आहे. हुंडाबिंडा, मानपान, कशात अडत नाही. फक्त कुणी हसलेलं मला चालत नाही. थीराचं आधी एक ठरत होतं. मुलीची आत्या माझ्या केसांना हसली. मी कॉफीचा पेला खाली ठेवला, तशी उठले, ती पुन्हा त्या दारात गेले नाही.”

थीरानं मान खाली घातली. अंगुनच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. सायुतला आता भीती नुसत्या चुन्याच्या तोंडाची राहिली नव्हती. सारं गाव ज्या तोंडाला वर्षभर हसलं होतं, ते तोंड पानावर बसून भात खात होतं.

“चला!” रच्चनी हात धुऊन म्हणाली. “अंगुन सांगते ते विहाराचं काम मला बघायचंय; मागे आले तेव्हा ते अर्धंच होतं. आईवडलांचं काम बघितलं की मुलीचे हात कळतात.”

“ऊन फार आहे, खुन रच्चनी.”

“छत्री आहे.”

“तिथे चपला काढाव्या लागतात. फरशी तापते.”

“मोजे आणलेत.”

“दुपारी टेकडीवरची माकडं उतरतात.”

“अगं बाई! मला माकडं फार आवडतात.”

सगळं खरं होतं, आणि कशाचाच उपयोग नव्हता. सायुतनं मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं आणि चालू लागली.

वाटेत ती स्वतःची समजूत घालत होती: फडकं बांधलं असेल, कुणी तिकडे बघणार नाही, पूर्वेकडची कमळं दाखवू आणि नदीकडच्या दारानं बाहेर पडू. विहाराच्या कमानीत शिरली आणि तिचे पाय थबकले. स्तूपाच्या पश्चिमेला ही गर्दी! उदबत्त्यांचा धूर वर चालला होता. आणि गर्दीच्या कडेला फुआंग दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

झालं होतं ते असं. फुआंगनं यक्षिणीच्या तोंडाला तीनरंगी फडकं गुंडाळलं, आणि कारागिराचा हात, नुसतं बोचकं त्याला बघवेना; म्हणून ते नीट चुण्या घालून बांधलं, वर एक मोगऱ्याचा हार सोडला. कस्टर्डच्या वड्या विकणाऱ्या पा चुएमनं, म्हणजे बाजारच्या चुएममावशीनं, ते पाहिलं. जागृत झाडाला बांधतात तसलं फडकं, वर हार, आणि बांधणारा कोण? तर खुद्द घडवणारा! “फुआंग, स्वप्नात आली का रे तुझ्या?” तिनं विचारलं. “छे, छे, काही नाही!” फुआंग म्हणाला. तो जितकं नाही नाही म्हणाला तितकी पा चुएमची खात्री पटली. “बघा मेला! उद्या लॉटरीची सोडत, आणि आकडा एकट्यालाच पाहिजे!” तिनं फोन लावले. कमळाच्या कळ्या आल्या, उदबत्त्या आल्या, नळ्या खोचलेल्या लाल सरबताच्या बाटल्यांची यक्षिणीच्या पायाशी रांग लागली.

“हे काय?” रच्चनीनं विचारलं. “जागृत आहे?”

“लोक तसं म्हणताहेत,” सायुत म्हणाली.

“आणि उद्या सोडत!” रच्चनीचे डोळे चमकले. छत्री थीराच्या हातात कोंबून ती गर्दीत घुसली. आणि आश्चर्य म्हणजे गर्दीनं तिला वाट दिली. माणसं तिच्याकडे बघत, मग फडक्याकडे, मग एकमेकांकडे. पोस्टमननं तोंडावर हात दाबून धरला होता.

रच्चनी गुडघे टेकून बसली. सायुत तिच्या शेजारी बसली. दुसरं काय करणार? रच्चनीनं उदबत्ती पेटवून हात कपाळाला लावले, आणि ती आकडा मागेल असं वाटत असताना भलतंच पुटपुटली: “हे यक्षिणी, माझं पोर भाबडं आहे. बाप नाही त्याला. हे लग्न सुखाचं होऊ दे. ही पोरगी त्याला लाभू दे. माझं तोंड जरा फटकळ आहे, त्यामुळे काही बिघडू देऊ नको.”

सायुतनं ते ऐकलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या मनात त्या बाईविषयी माया दाटून आली.

तेवढ्यात पा चुएम पावडरीचा डबा घेऊन पुढे सरसावली. चुन्याच्या गालावर पावडर चोळली की आकडा उमटतो, हे तर सर्वांनाच ठाऊक. “सरका, सरका! मावशीचे डोळे चांगले आहेत,” म्हणत तिनं फुआंग “अगं, नको!” म्हणेपर्यंत फडकं वर केलं.

उदबत्तीच्या धुरातून रच्चनीनं वर पाहिलं. वरून रच्चनीनं खाली पाहिलं.

रच्चनीचा हात आपोआप केसांकडे गेला, मग चष्म्याकडे.

“फी सायुत,” ती सावकाश म्हणाली. “ही कोण?”

गर्दीमागून फुआंग जिवाच्या आकांतानं मान हलवत होता, हात जोडत होता. अंगुनच्या डोळ्यांत पाणी होतं. एक शब्द पुरला असता. ‘कुणीतरी यक्षीण आहे झालं.’ सायुतनं आपल्या पांढऱ्या पदराची कड बोटांत धरली.

“तुम्ही, खुन रच्चनी.”

“कुणी केली?”

“माझ्या नवऱ्यानं.”

“का?”

“तुम्ही मागच्या वर्षी त्यांना म्हणालात, साच्यातलं आणून चिकटवा. त्यांना फार लागलं ते.”

रच्चनी ताडकन उठली. इस्त्रीच्या सदऱ्यातला तो म्हातारा आता तिला बरोबर ओळखू आला. तोंड उघडून, बोट उगारून ती गरजली, “लुंग! तुम्हाला जरा—”

“अगं बाई! अगदी तस्संच!” पा चुएमच्या तोंडून निघून गेलं.

तस्संच होतं. वर एक बोट, खाली एक बोट; वर उघडं तोंड, खाली उघडं तोंड. पोस्टमनला आवरेना, तो खांबामागे गेला. रच्चनीनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. वरच्या बोटाकडे पाहिलं. हात हळूहळू खाली घेतला, पण त्याचं आता काय करावं ते तिला कळेना. कॉफीचा पेला खाली ठेवून ती उठली होती ती अशीच, हे थीराच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सायुत जमिनीवरच बसलेली होती. तिथूनच ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, “खुन रच्चनी, तुम्ही आत्ता हिच्याकडे जे मागितलंत ते माझ्या कानावर पडलं. शेजारी होते ना. ते द्यायचं की नाही, ते आता हिच्याच हातात आहे.”

रच्चनी यक्षिणीकडे बघत राहिली.

“हिच्या हातात?” ती शेवटी म्हणाली. “एक हात तर बोट दाखवण्यातच गुंतलाय मेलीचा!”

आणि ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग पा चुएमच्या खांद्याला धरून. सारं गाव वर्षभराचं साठवलेलं हसू तिच्याबरोबर एकदाच हसून मोकळं झालं. थीरानं छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली; त्याचं त्यालाच काही सुचत नव्हतं. अंगुन रडतही होती आणि हसतही होती.

रच्चनी डोळे पुसत जोत्याजवळ गेली, चहूबाजूंनी स्वतःला न्याहाळू लागली. “केस बरे केलेत. हनुवटी जरा जास्त दिलीत. पण लुंग, ते वरचं पान अजून वाकडंच आहे हो.”

फुआंगनं वर पाहिलं. आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं त्या माणसानं खाली मान घातली. “आहे,” तो म्हणाला. “त्या दिवशीच कळलं होतं मला. म्हणून तर राग आला.”

“मग ऐका माझी अट.” यक्षिणीशेजारच्या रिकाम्या कोनाड्यापुढे ती उभी राहिली. “मी एकटी, एका हातानं, जन्मोजन्म हा स्तूप पेलणार नाही. इथे तुम्ही हवेत. दोन्ही हात वर, कान माझ्याकडे. हे झालं की पोरांचं लग्न. आधी नाही.”

“आणि तोंड?” फुआंगनं विचारलं.

“मिटलेलं!” सगळा बाजार एका सुरात ओरडला.

मागणी अशी तिथेच, लाल सरबताच्या बाटल्यांमध्ये उभ्या उभ्या घातली गेली. दुसऱ्या दिवशीच्या सोडतीत अर्ध्या गावानं रच्चनीच्या मोटारीचा आकडा लावला. तो आला नाही. “बँकॉकची आहे,” पा चुएमनं सगळ्यांची समजूत घातली. “इथलं कळायला वेळ लागणारच.”

सायुतला मात्र एक गोष्ट टोचत होती. सोडतीच्या त्या दिवशी पहाटेच ती लुआंग फोंकडे, म्हणजे विहाराच्या थोर भिक्खूंकडे गेली. “उपोसथाला तमाशा बघायचा नसतो. काल जे झालं ते मी सगळं बघितलं. हसलेसुद्धा. माझं शील मोडलं का?”

म्हाताऱ्या भिक्खूंनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. तिथून स्तूपाची पश्चिम बाजू चांगली दिसत असे.

“मला तर ते रोजच पाळायचं असतं,” ते म्हणाले. “आपण दोघंही आज जरा जास्त वेळ ध्यानाला बसू.”

ती घरी आली तेव्हा फुआंग अंगणात उखळाशी बसला होता, तोंडाला चुना, डोक्याला फडकं. शेजारी आरसा टेकवून तो मधूनमधून आपलंच नाक चाचपून बघत होता.

“मॅ, ताडगूळ दे. ताजा आहे ना? मला स्वतःलाच उभं राहायचंय तिथं.”

“आजच उतरवलाय,” सायुत म्हणाली. तो दिवस उपोसथाचा नव्हता, तरी ढेप अजून कोमट होती.